गारठा देहाचा आणि मनाचा

(प्रतापगड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. प्रारंभी शोकप्रस्ताव, नंतर अहवाल, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर परिचय आणि शेवटी सहभोजन. या क्रमात शोकप्रस्तावाला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. वर्षभरात दिवंगत झालेल्यांची नावे वाचली जातात, सभा उभी राहते, दोन मिनिटे शांत राहते आणि खाली बसते. त्या यादीतील बहुतेक नावांपुढे वय आणि आजार सांगितला जातो. एखाद्या नावापुढे मात्र काहीच सांगितले जात नाही. वाचणाराचा आवाज किंचित खाली येतो आणि तो लगेच पुढच्या नावाकडे वळतो. त्या न बोललेल्या गोष्टीविषयी आज बोलण्याची अनुज्ञा आम्ही मंडळाकडे मागितली आणि मंडळाने ती उदारपणे दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

विषय जिवावर उदार झालेल्या माणसाला आधार देण्याचा आहे. त्याला जोडून थंडीच्या कडाक्यापासून माणसाचा बचाव कसा करावा, हेही आम्ही सांगणार आहोत. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी मनात विचारील. तो संबंध पुढे आपोआप स्पष्ट होईल. तूर्त एवढेच सांगतो की, देहाने गारठलेला आणि मनाने खचलेला, हे दोघेही एका बाबतीत सारखे असतात. संकट गहिरे होते तेव्हाच ते मदत मागणे सोडून देतात. म्हणून त्यांच्या हाकेची वाट पाहत बसणारा शेजारी उशिरा पोहोचतो.

प्रथम व्याप्ती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्याची नोंद झाली, आणि त्यांपैकी २२,७४६ व्यक्ती एकट्या महाराष्ट्रातील होत्या. कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. यात शेतकरी आहेत, शेतमजूर आहेत, तशाच गृहिणी, विद्यार्थी आणि रोजंदारीवर राबणारे आहेत. विदर्भ म्हटले की लोकांना कापसाचा पट्टा आठवतो आणि धानाच्या पट्ट्यात सर्व क्षेम आहे असे वाटते. पण कर्ज, धानाचे रखडलेले चुकारे, दारू, घरातील कलह, परीक्षेतील अपयश, दीर्घ आजार आणि एकटेपणा यांना पीक कोणते हे विचारावे लागत नाही. एकाच कारणाने कोणी जीव देत नाही. अनेक गोष्टी साचत जातात, आणि त्यांच्या तळाशी पुष्कळदा उपचाराने बरा होणारा मनाचा आजार असतो.

आता थंडीकडे येऊ. आपल्या भागाची ओळख उन्हाळ्याने होते, परंतु विदर्भात हिवाळ्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचे नाव वारंवार येते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आणि आपला हिवाळा घरात बसून काढण्याचा नसतो. धानाची चुरणी त्याच दिवसांत, पुंजण्याची राखण त्याच रात्री. कृषिपंपाची वीज रात्री मिळाली तर पाणी द्यायला बांधीत उतरावे लागते, पाय ओले, डोक्यावर दव. मंडई आणि झाडीपट्टीची नाटके हीदेखील याच ऋतूतील, उजाडेपर्यंत उघड्यावर बसण्याची. येथून जवळच गोठणगावच्या परिसरात तिबेटी बांधवांची वसाहत १९७२ पासून आहे. बर्फाच्या देशातून आलेली ही माणसे. लोकरीचे कपडे विकणारे तिबेटी गावोगावच्या बाजारांत आपण पाहतो. ते थंडीला क्षुल्लक मानीत नाहीत. आपण मात्र आपली थंडी ती काय, असे म्हणून एका उपरण्यावर रात्र काढतो.

मानवी शरीराची आतील उष्णता सुमारे ३७ अंश असते. ती ३५ अंशांखाली गेली की वैद्यकशास्त्र तिला धोक्याची स्थिती मानते. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. हवा आठ-दहा अंशांची असेल, कपडे ओले असतील, वारा असेल आणि पोट रिकामे असेल, तर एवढ्यावर धडधाकट माणूसही गारठतो. वृद्ध आणि तान्ही मुले तर घराच्या आतदेखील गारठतात. आरंभी शरीर जोराने कापू लागते. हे कापरे म्हणजे शरीराने उष्णता निर्माण करण्यासाठी चालविलेली धडपड आहे. पुढे बोटे काम करीत नाहीत, गुंडी लागत नाही, जीभ जड होते, पाऊल अडखळते आणि बुद्धी मंदावते. उष्णता ३२ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आली की कापरे थांबते. पाहणाराला वाटते, आता बरे आहे. वास्तविक धोका तेथेच वाढलेला असतो. त्या अवस्थेत माणूस आपण गारठलो आहोत हे ओळखू शकत नाही. “मला काही झाले नाही, बसू द्या,” असे म्हणतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून निघून जाणे घातक ठरते.

मनाचेही असेच आहे. दुःख नवे असते तेव्हा माणूस रडतो, चिडतो, तक्रार करतो. ही मनाची धडपडच म्हणावयाची. पुढे तो बोलेनासा होतो. जेवण कमी, झोप नाही, कामात लक्ष नाही, माणसांत येणे नाही. “माझा कोणाला उपयोग नाही”, “मी नसतो तर तुम्ही सुखी असता”, असे शब्द अधूनमधून तोंडून निघतात. देणीघेणी आवरणे, जिवापाड जपलेली वस्तू कोणाला देऊन टाकणे, अवेळी जाऊन सर्वांचा निरोप घेतल्यासारखे भेटणे, दारू वाढणे, ही सर्व लक्षणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. आणि फार दिवस अस्वस्थ असलेला माणूस काही कारण नसता एकाएकी शांत झाला, तर “चला, सावरला एकदाचा” असे म्हणून निश्चिंत होऊ नये. त्या दिवशी त्याच्याजवळ अधिकच थांबावे.

थांबावे म्हणजे काय करावे, हा खरा प्रश्न. आपल्याकडे उपदेशाची वाण नाही. “धीर धर, मर्द हो, मुलाबाळांकडे पाहा, तुझ्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत,” असे आपण म्हणतो. हेतू चांगला असतो, परंतु ऐकणाराला त्यातून एवढेच कळते की आपले दुःख येथे कोणाला ऐकायचे नाही. म्हणून पहिले काम बोलण्याचे नसून विचारण्याचे आहे. एकांतात, शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे, “भाऊ, जगणेच नको असे तुझ्या मनात येते काय?” असे विचारल्याने नसलेला विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती स्पष्टपणे खोडून काढली आहे. प्रश्नाने पुष्कळदा माणसाच्या छातीवरचा दगड हलतो. इतके दिवस जे कोणाला सांगता आले नाही, ते सांगावयास कोणी तरी मिळालेले असते.

उत्तर “होय” आले तर दचकू नये, रागावू नये, शपथा घालू नये. ऐकावे. मध्ये तोडू नये. त्यानंतर चार गोष्टी कराव्यात. त्याला एकटे सोडू नये, घरातील वा शेजारातील माणसांनी आळीपाळीने सोबत राहावे. जिवाला अपाय करता येईल अशा वस्तू, विशेषतः शेतीची औषधे, घरातून हलवून कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याजवळ द्यावी. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळांच्या बाबतीत थोड्या काळापुरती तीव्र असते. ती वेळ टळली की माणूस वाचतो, म्हणून हे कुलूप लहान दिसले तरी त्याचे मोल मोठे आहे. तिसरी गोष्ट, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपण स्वतः बरोबर जाऊन डॉक्टरांना दाखवावे. “जाऊन ये” असे सांगून भागत नाही. चौथी गोष्ट, हे गुपित कोणापाशीही उघड करणार नाही असे वचन देऊ नये. गावभर बोभाटा करू नये हे खरे, पण ज्याची मदत लागणार आहे त्याला सांगावेच लागते.

रात्री-अपरात्री डॉक्टर कोठून आणावा, असे कोणी विचारील. भारत सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस चालते, शुल्क पडत नाही आणि मराठीत बोलता येते. खचलेल्या माणसाने स्वतः बोलावे, किंवा त्याची काळजी वाहणाऱ्याने सल्ला विचारावा, दोन्ही चालते. जीव तत्काळ धोक्यात असेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. अर्जुनी मोरगावला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे.

पोलिसांच्या भीतीने कित्येक घरे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्याची स्थिती सांगणे अगत्याचे वाटते. १८६० च्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ ने असे ठरविले की, तसा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची काळजी व उपचार यांची व्यवस्था करणे हे सरकारचे कर्तव्य राहील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेले नाही. लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यात अडविण्यासाठी वा काही करण्यास भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय ठेवला आहे. तेव्हा वाचलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यास भिण्याचे कारण नाही.

आता या दोन संकटांची गाठ कोठे पडते ते पाहू. मनाने खचलेला माणूस शरीराचीही हेळसांड करतो. भूक मारतो, अंगावर पांघरूण घेत नाही, थंडी वाजली तरी उठून आत येत नाही. मनाच्या आजारावरील काही औषधांनी शरीराची उष्णता सांभाळण्याची शक्ती कमी होते. अशी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, पण हिवाळ्यात त्या माणसाच्या कपड्यांकडे, पांघरुणाकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. आणि घरात भांडण झाले, शब्दाला शब्द लागला, की असा माणूस अंगातल्या कपड्यांनिशी निघून जातो, शेतावर, तळ्याच्या पाळीवर, बसथांब्यावर. घरचे म्हणतात, “राग शांत झाला की येईल परत.” हिवाळ्याच्या रात्री हे वाक्य उच्चारू नये. त्या रात्री त्याच्या जिवाला दोन्हीकडून धोका असतो.

या दोन्ही धोक्यांत तेल ओतणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे दारू. मोहाची असो की दुकानातली, तिने थंडी जाते ही समजूत खोटी आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग ऊबदार वाटते आणि आतील उष्णता मात्र झपाट्याने बाहेर जाते. तीच दारू मनाचा लगाम सैल करते, आणि एरवी जो अविचार माणसाने आवरला असता तो क्षणात घडतो. थंडीसाठी आणि दुःखासाठी म्हणून घेतलेली दारू दोन्ही वाढविते.

म्हणून कोणी असा निघून गेला तर चार जणांनी कंदील, बॅटरी आणि घोंगडी घेऊन तत्काळ शोधावयास निघावे, ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. तो सापडला की प्रथम प्रश्न विचारू नयेत, जाब तर मुळीच विचारू नये. आधी ऊब, मग बोलणे. वाऱ्यापासून आडोशाला आणावे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत. उघड्या जमिनीवर निजवू नये, खाली तणस किंवा गोधडी अंथरावी. डोके, मान आणि छाती आधी झाकावी. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत व छातीशी ठेवाव्यात. तो पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर गोड गरम चहा किंवा दूध द्यावे. हातपाय चोळू नयेत, जाळाशी धरू नयेत, कढत पाण्याने अंघोळ घालू नये. फार गारठलेल्या माणसाला धक्के न देता आडवे ठेवून हलवावे, कारण त्याचे हृदय त्या वेळी नाजूक झालेले असते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये आणि १०८ ला कळवावे. गार पडलेल्या देहात श्वास आणि नाडी इतकी मंद होते की तो गेला असे वाटते. डॉक्टरांनी सांगेपर्यंत आपण आशा सोडू नये. आणखी एक सूचना सर्वच घरांसाठी. पेटलेली शेगडी घेऊन बंद खोलीत निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपेतच जीव जातो.

साध्या माणसांच्या सोबतीने एवढे मोठे काम होते काय, अशी शंका कोणाला येईल. तिला अनुभवाचे उत्तर आहे. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावांतील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर मनाच्या आजाराविषयी बोलणे सुरू केले आणि गरज पडेल तेथे डॉक्टरांशी जोडून दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, औदासीन्याच्या आजाराने ग्रस्त असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. मागील वर्षभरात जीव देण्याचे विचार आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई धरून पाच देशांतील पाच ठिकाणी आणखी एक प्रयोग केला. त्याचे फलित २००८ साली प्रसिद्ध झाले. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ व्यक्तींपैकी काहींशी नेहमीच्या उपचारांखेरीज एकदा तासभर बोलणे झाले, आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा त्यांची चौकशी केली गेली. ज्यांची अशी चौकशी झाली त्यांच्यात दीड वर्षात आत्महत्येने गेलेले शेकडा ०.२ होते, ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात शेकडा २.२. नऊ वेळा कोणी तरी विचारले, “कसा आहेस?” एवढाच तो फरक.

ज्ञातिबंधूंनो, कोहळी समाजाची ओळख तळी बांधणारा समाज अशी आहे. नवेगाव बांधचे तळे कोलू पाटलांनी बांधले असे परंपरा सांगते. तळे राखणाराला ठाऊक असते की पाळ एकाएकी फुटत नाही. आधी ती कोठे तरी पाझरते. पावसाळ्याच्या रात्री जो पाळीवरून फिरतो त्याला तो पाझर दिसतो, आणि चार टोपल्या मातीने काम भागते. घरात बसून राहिलेल्याला सकाळी फक्त वाहून गेलेली बांधी दिसते. पाळीवर फिरण्याची ही सवय आपल्या रक्तात आहे. ती माणसांच्या बाबतीत लावावी, एवढेच आमचे मागणे.

त्यासाठी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, प्रत्येक गावशाखेने दोन पुरुष व दोन स्त्रिया नेमाव्यात. ज्या घरात पीक बुडाले, मृत्यू झाला, सोयरीक मोडली किंवा मूल नापास झाले, त्या घरी त्यांनी आठ दिवसांत जावे आणि पुन्हा पुन्हा जात राहावे. दुसरी, हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे रात्री एक फेरी व्हावी आणि घोंगड्यांचा थोडा साठा शाखेजवळ असावा. तिसरी सूचना अधिक कठीण आहे. ज्या घरातून असा एखादा माणूस गेला, त्या घराकडे बोट दाखविणे आपण बंद करावे. त्या घरच्या मुलीची सोयरीक अडू नये, त्या विधवेला हळदीकुंकवाच्या वेळी कोपऱ्यात बसवू नये, त्या बापाला “तुम्हांला कळले कसे नाही?” असे कोणी विचारू नये. त्या घरातील दुःखही गारठ्यासारखेच असते. त्यालाही ऊब आधी लागते.

या प्रतापगडच्या डोंगरावर महाशिवरात्रीला महादेवाच्या दर्शनास आणि दर्ग्यावर माथा टेकण्यास सर्व जातिधर्मांचे लोक येतात. चढण अवघड लागली की अनोळखी माणूसही अनोळखी माणसाला हात देतो. तेथे कोणी कोणाचे कूळ विचारीत नाही. आपले हे काम आपल्या ज्ञातीपासून सुरू व्हावे हे योग्यच आहे, पण ते ज्ञातीपाशी थांबू नये. शेजारचे घर कोणाचेही असो, त्याच्या अंगणातली शेकोटी आज का पेटली नाही, हे पाहावयास आपण उठावे.

आणि या सभेत बसलेल्यांपैकी कोणाच्या मनात आज तसा विचार घोळत असेल, तर त्याला किंवा तिला आम्ही एवढेच विनवितो की, आजची रात्र एकट्याने काढू नका. जवळच्या एका माणसाला सांगा, किंवा १४४१६ ला सांगा, किंवा सभा संपल्यावर आमच्यापैकी कोणाचाही हात धरा. आम्ही पंगतीत तुमच्याशेजारी बसू, आणि घरापर्यंत सोबत येऊ.